खाशाबा आणि दारासिंग

अंधेरी-घाटकोपरकडच्या एखाद्या गल्लीत कोणी मुलगा छाती काढून ऐटीत चालू लागला, की हा मोठा दारासिंग लागून गेला आहे, असे थोरली माणसे आजही हसत म्हणतात. खाशाबांचे नाव मात्र असे सहज कोणाच्या ओठी येत नाही. वास्तविक स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले ते खाशाबांनीच.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील स्वतः मल्ल असल्यामुळे तालमीच्या लाल मातीची ओळख त्यांना बालपणीच झाली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकू लागले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. मातीत वाढलेल्या या तरुणाला तेथे गादीवर कुस्ती खेळावी लागली. पायांना ती सवय नव्हती, नियमही नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

चार वर्षांनी फिनलंडमधील हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पैशांची अडचण उभी राहिली. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली, पण तेवढ्याने भागेना. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाने विद्यार्थ्याची फी भरल्याच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. घर गहाण टाकल्याची ही एकच.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीशी मात्र त्यांची झुंज फार लांबली आणि तीत ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, असे सांगतात. त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. तीही कुस्ती गेली. तरी कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडले. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. मिरवणुकीनंतर खाशाबांनी पहिले काम केले ते कुस्त्यांचे सामने भरवण्याचे. आलेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले.

दारासिंगांची वाट निराळी. त्यांचा जन्म १९२८ साली अमृतसर जिल्ह्यात झाला. तरुणपणी ते पोटासाठी सिंगापूरला गेले आणि तेथे तिकिटे लावून होणाऱ्या कुस्त्यांत उतरले. पुढे किंग काँग या डोंगराएवढ्या देहाच्या मल्लाशी त्यांच्या कुस्त्या गाजल्या. १९६८ साली मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळवला. अशा कुस्त्यांत खेळाइतकाच देखावाही असतो. पण म्हणून त्या देहातील बळ खोटे ठरत नाही. पुढे ते चित्रपटांत नायक झाले, आणि १९८७ साली सुरू झालेल्या दूरदर्शनवरील रामायणात मारुतीच्या रूपाने घरोघर पोहोचले. अंधेरीजवळच्या जुहूला त्यांचे वास्तव्य होते. तेथेच १२ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

लोकांनी दारासिंगांना डोळ्यांनी पाहिले होते, पुन्हा पुन्हा पाहिले होते. हेलसिंकीच्या त्या कुस्त्या पाहणारे भारतीय असे कितीसे असणार? शिवाय त्याच वर्षी हॉकीत आपल्याला सुवर्णपदक मिळाले. त्या आनंदात खाशाबांचे पदक झाकले गेले. तसे दुसरे वैयक्तिक पदक भारतात यायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले.

खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर, २००० सालचा. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.