विश्लेषण : हॉटेलातील एक खाट ते ‘डॉजरटाउन’... ब्रँच रिकी यांनी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत कशी पाडली?

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्व खेळाडू एकाच क्रमांकाचा पोशाख घालून खेळतात. तो क्रमांक म्हणजे ४२. जॅकी रॉबिन्सन यांचा हा क्रमांक. १९४७ मध्ये याच दिवशी ते ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि ६० वर्षांहून अधिक काळ कृष्णवर्णीयांसाठी बंद असलेले दार उघडले. त्यांना संघात आणणारे व्यवस्थापक होते ब्रँच रिकी. २०१३ च्या ‘४२’ या चित्रपटात हॅरिसन फोर्ड यांनी साकारलेली व्यक्तिरेखा ती हीच. मात्र रिकी यांची ही गोष्ट १९४७ च्या चार दशके आधी, एका महाविद्यालयीन संघाच्या दौऱ्यात सुरू झाली होती.

रिकी कोण होते?

वेस्ली ब्रँच रिकी यांचा जन्म २० डिसेंबर १८८१ रोजी ओहायो राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. घरातील वातावरण कडक धार्मिक. रविवारी खेळायचे नाही, हा नियम त्यांनी व्यावसायिक बेसबॉलमध्येही पाळला. त्यापायी १९०४ मध्ये सिनसिनाटी संघातील जागाही गेली. खेळाडू म्हणून ते सामान्यच ठरले. ते कॅचर होते, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणारे, क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखे. १९०७ मध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी त्यांच्यासमोर तब्बल १३ बेस चोरले. फलंदाजाने चेंडू टोलावण्याची वाट न पाहता धावपटूने पुढचा टप्पा गाठणे म्हणजे बेस चोरणे. ते रोखण्याची मुख्य जबाबदारी कॅचरचीच. पुढे क्षयरोगाने त्यांना गाठले. त्यातून बरे झाल्यावर त्यांनी मिशिगन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि शिकता शिकता तेथील बेसबॉल संघाचे प्रशिक्षकपदही सांभाळले.

महाविद्यालयीन दौऱ्यात काय घडले?

मिशिगनच्या आधी रिकी ओहायो वेस्लियन या महाविद्यालयात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पैसे घेऊन खेळल्याने महाविद्यालयीन संघातून खेळण्याची त्यांची पात्रता गेली आणि विद्यार्थी असतानाच ते संघाचे प्रशिक्षक झाले. चार्ल्स थॉमस हे या संघातील एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू. १९०३-०४ च्या सुमारास हा संघ नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध खेळण्यासाठी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे गेला. तेथील हॉटेलने थॉमस यांना खोली नाकारली.

पर्याय दोनच होते. थॉमस यांना परत पाठवायचे किंवा सगळ्या संघाने माघारी फिरायचे. रिकी यांनी तिसरा मार्ग काढला. नोंदवहीत नाव न घालता थॉमस यांच्यासाठी आपल्याच खोलीत एक खाट टाकण्याची परवानगी त्यांनी हुज्जत घालून मिळवली. रिकी यांनी पुढे अनेकदा सांगितल्यानुसार, त्या रात्री थॉमस रडत होते आणि कातडीचा रंग निघावा तसे स्वतःचे हात चोळत होते. ही हकिकत मुख्यतः रिकी यांच्याच आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. थॉमस पुढे दंतवैद्य झाले आणि दोघांचे स्नेहसंबंध टिकले.

बंदी नेमकी कोणी घातली होती?

कागदावर कोणीच नाही. उलट ओबर्लिन आणि मिशिगनच्या महाविद्यालयीन संघांतून पुढे आलेले कृष्णवर्णीय खेळाडू मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ मध्ये टोलेडो संघाकडून मेजर लीगमध्ये खेळले होते. त्यानंतर मात्र संघमालकांच्या अलिखित सहमतीने दार बंद झाले. कृष्णवर्णीय खेळाडूंना स्वतःच्या वेगळ्या ‘निग्रो लीग’ उभाराव्या लागल्या. १९२० पासून आयुक्तपदी असलेल्या केनेसॉ माउंटन लँडिस यांच्या काळात ही स्थिती बदलली नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये लँडिस यांचा मृत्यू झाला. नोकरीतील वर्णभेदाला मनाई करणारा कायदा १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने केला. त्याआधी, १९४२ च्या अखेरीस, रिकी ब्रुकलिनचे सूत्रधार झाले होते.

भूतदया की व्यवहार?

दोन्ही. सेंट लुईस कार्डिनल्समध्ये असताना रिकी यांनी ‘फार्म सिस्टीम’ उभी केली. तयार खेळाडू महागात विकत घेण्याऐवजी छोट्या गावांतील संघ ताब्यात घ्यायचे, तेथे शेकडो पोरे घडवायची आणि त्यांतील उत्तम खेळाडू वर आणायचे. या पद्धतीवर कार्डिनल्सने १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली. हंगाम संपल्यावर दोन लीगच्या विजेत्यांमध्ये होणारी ही अंतिम मालिका. कमी पगार देणारा मालकधार्जिणा माणूस, अशीही रिकी यांची ख्याती होती. खेळाडू विकून होणाऱ्या नफ्यात त्यांचा वाटा असे. निग्रो लीगमधील गुणवत्ता इतर संघांच्या आधी आपल्याकडे आली, तर ब्रुकलिन जिंकेल आणि प्रेक्षकही वाढतील, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. रॉबिन्सन यांना घेताना त्यांच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाला रिकी यांनी एक छदामही दिला नाही. पुढे एकेक तारा निघून गेला आणि निग्रो लीग कोलमडल्या. या यशाची ही किंमत कृष्णवर्णीय संघमालकांनी मोजली.

रॉबिन्सनच का?

रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून चार खेळांत प्रतिनिधित्व केले होते. गंमत म्हणजे त्या चारांत त्यांची सर्वात सुमार कामगिरी बेसबॉलमध्ये होती. पण श्वेतवर्णीय सहकाऱ्यांसोबत एका संघात वावरण्याचा अनुभव त्यांच्याकडे होता. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनच्या कार्यालयात रिकी यांनी त्यांची सुमारे तीन तास परीक्षा घेतली. हॉटेलचा कारकून, शिवीगाळ करणारा प्रेक्षक, धक्का देणारा प्रतिस्पर्धी अशा भूमिका रिकी स्वतः वठवत होते. सुरुवातीच्या काळात कोणत्याही अपमानाला उलट उत्तर द्यायचे नाही, ही अट होती. संतापी स्वभावाच्या रॉबिन्सन यांनी ती स्वीकारली. सहन करण्याचा भार त्यांच्यावर आला, योजना रिकी यांची होती.

तयारी कशी झाली?

१९४६ मध्ये रॉबिन्सन यांना आधी डॉजर्सच्या माँट्रियल येथील दुय्यम संघात ठेवण्यात आले. फ्लोरिडातील सराव शिबिरात त्यांना संघासोबत हॉटेलात राहता आले नाही, एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी उतरावे लागले. सॅनफर्ड गावातून तर विरोधामुळे निघून जावे लागले. तरीही त्या हंगामात ते आपल्या लीगचे सर्वोत्तम फलंदाज ठरले. हंगामोत्तर ‘ज्युनियर वर्ल्ड सीरिज’मध्ये केंटकीतील लुईव्हिल येथे प्रेक्षकांनी त्यांची यथेच्छ हेटाळणी केली. मालिका माँट्रियलला परतली, संघाने ती ४-२ अशी जिंकली आणि आनंदाने वेडे झालेले चाहते रस्त्यावर रॉबिन्सन यांच्या मागे धावले.

पुढच्या वसंतात फ्लोरिडा टाळण्यासाठी रिकी यांनी शिबिर क्युबातील हवाना येथे नेले. तेथे एक विसंगती घडली. गडबड नको म्हणून रॉबिन्सन आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंना संघापासून दूर, हलक्या दर्जाच्या हॉटेलात ठेवले गेले आणि हा निर्णय खुद्द रिकी यांचा होता. थॉमस यांच्यासाठी स्वतःच्या खोलीत खाट टाकणाऱ्या माणसाने केलेली ही तडजोड रॉबिन्सन यांना बोचली.

सहकारी खेळाडूंनी स्वीकारले का?

सहज नाही. रॉबिन्सन यांच्याविरोधात काही डॉजर्स खेळाडूंनी अर्ज तयार केला. पी वी रीस यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. व्यवस्थापक लिओ ड्युरोशे यांनी मध्यरात्री बैठक बोलावून बंडखोरांना झापले आणि रिकी यांनी एकेकाला बोलावून समज दिली. आपली दुसऱ्या संघात रवानगी झाली तर बरे, असे बॉबी ब्रॅगन यांनी सांगितले. हंगाम सुरू होताच फिलाडेल्फियाच्या संघाने रॉबिन्सन यांच्यावर इतकी घाणेरडी शेरेबाजी केली, की दक्षिणेकडील त्यांचे सहकारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच शहरातील एका हॉटेलने डॉजर्सला खोल्या नाकारल्या, तेव्हा अख्ख्या संघाने दुसरे हॉटेल गाठले. वर्षअखेरीस रॉबिन्सन सर्वोत्तम नवोदित ठरले. डॉजर्स वर्ल्ड सीरिजपर्यंत पोहोचले आणि सातव्या सामन्यात यँकीजकडून हरले.

‘डॉजरटाउन’ का महत्त्वाचे?

१९४८ मध्ये रिकी यांनी फ्लोरिडातील व्हेरो बीच येथे नौदलाच्या जुन्या विमानतळावर कायमचे शिबिर उभारले. मैदाने, जेवणघर आणि निवास सगळे एकाच आवारात. त्यामुळे कोणत्याही हॉटेलच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय खेळाडू एकाच छताखाली राहू, जेवू आणि सराव करू लागले. कुंपणाबाहेर गावात भेदभाव कायम होता. पण एकत्र राहिल्याशिवाय संघ घडत नाही, हे जाणून रिकी यांनी राहण्याची सोयच बदलली होती. रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम याच काळात डॉजर्समध्ये आले. १९५५ मध्ये ब्रुकलिनने अखेर वर्ल्ड सीरिज जिंकली, तेव्हा रॉबिन्सन यांच्यासह हे दोघेही संघात होते. रिकी मात्र १९५० मध्येच आपला हिस्सा विकून पिट्सबर्गला गेले होते.

वारसा काय?

सर्व संघांत कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९५९ उजाडले. त्या वर्षी बोस्टन रेड सॉक्सने सर्वात शेवटी दार उघडले. १३ नोव्हेंबर १९६५ रोजी मिसूरीतील एका सत्कार समारंभात भाषण करता करता रिकी कोसळले आणि ९ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. १९६७ मध्ये त्यांचा बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. त्यांच्या अंत्यसंस्काराला जॅकी रॉबिन्सन आले होते. ज्यांना १९४७ मध्ये रॉबिन्सन यांच्यासोबत खेळायचे नव्हते, ते बॉबी ब्रॅगनही आले होते.