ट्रेनमध्ये एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता, त्यातून पुढे गेमबॉय आला

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना ब्रिक गेम समजावून सांगावा लागत नाही. प्लास्टिकचा डबा, खाली पेन्सिल सेल, वर राखाडी स्क्रीन आणि त्यात वरून पडणारे ठोकळे. मामाने एक आणला की सुट्टीभर भावंडांची भांडणं ठरलेली. गंमत म्हणजे त्या ठोकळ्यांच्या खेळात जिंकणं असं काही नव्हतंच. वेग वाढत जायचा, शेवटी तुम्ही हरायचा आणि लगेच परत स्टार्ट दाबायचा.

आज १०० जीबीचा गेम रात्रभर डाउनलोड करायचा आणि स्टोरी संपली की डिलीट मारायचा, असा हिशोब आहे. मग त्या काळ्या ठोकळ्यांचा कंटाळा का येत नव्हता? खिशात मावणारा, साधा दिसणारा, पण परत परत खेळावा वाटणारा गेम ही गोष्ट जगाच्या गळी उतरवणारा माणूस जपानचा. नाव गुनपेई योकोई.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये निंटेंडोत नोकरीला लागले. पण थांबा, तेव्हाची निंटेंडो म्हणजे मारिओवाली निंटेंडो नाही. १८८९ पासून ही कंपनी पत्ते बनवत होती. फुलांची चित्रं असलेले हानाफुदा नावाचे जपानी पत्ते. ते छापणाऱ्या मशीन नीट चालतायत का, हे बघणं एवढंच योकोई यांचं काम. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस मेंटेनन्सला.

मशीन चालू असल्या की हाताला काम नसायचं. मग टाइमपास म्हणून त्यांनी एक खेळणं बनवलं. पट्ट्यांची कात्रीसारखी जाळी, दांडे जवळ आणले की समोरचा पंजा लांब जाऊन वस्तू पकडतो. नेमकं ते मालक हिरोशी यामाउची यांनी बघितलं. कामाच्या वेळेत खेळणी बनवतो म्हणजे आता नोकरी गेली, असं योकोईंना वाटलं. झालं उलटंच. यामाउचींनी त्यांना तेच खेळणं विक्रीसाठी बनवायला लावलं. १९६६ मध्ये ते अल्ट्रा हँड नावाने बाजारात आलं आणि १० लाखांवर विकलं गेलं.

तिथून योकोई खेळणी बनवणाऱ्या खात्यात गेले ते गेलेच. १९६९ मध्ये त्यांनी लव्ह टेस्टर काढलं. मुलगा आणि मुलीने एकेक तार धरायची, दुसऱ्या हाताने एकमेकांचा हात धरायचा, मग काटा प्रेम किती ते दाखवणार. प्रत्यक्षात ते अंगातून जाणारा किंचितसा करंट मोजायचं. पण पोरींचा हात धरायला एक निमित्त मिळावं हाच त्यामागचा विचार होता, हे योकोईंनी पुढे मोकळेपणाने कबूल केलं होतं.

आता मुख्य किस्सा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी योकोई बुलेट ट्रेनने चालले होते. शेजारी ऑफिसवाला एक माणूस कंटाळून खिशातला कॅल्क्युलेटर काढून उगाच बटणं दाबत बसलेला. हिशोब वगैरे काही नाही, नुसता चाळा. योकोईंच्या डोक्यात आलं, याला असंच खेळता येईल असं काहीतरी दिलं तर?

त्यावेळी शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांची कॅल्क्युलेटर स्वस्तात विकायची चढाओढ चालू होती, त्यामुळे त्यातला एलसीडी स्क्रीन कवडीमोलाने मिळायला लागला होता. एक दिवस यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून गाडी चालवायला योकोईंना बसवलं, आणि त्या प्रवासात त्यांनी ही कल्पना मालकांच्या कानावर घातली. मालक काही बोलले नाहीत. पण त्याच दिवशी एका बैठकीत ते शार्पच्या प्रमुखांशेजारी बसले होते. आठवड्याभरात शार्पची माणसं निंटेंडोच्या दारात हजर.

१९८० मध्ये गेम अँड वॉच आलं. पहिल्या गेमचं नाव बॉल. एक माणूस चेंडू वर उडवतो, तुम्ही त्याचे हात हलवून झेलायचे. सोप्या प्रकारात २ चेंडू, अवघड प्रकारात ३. स्टोरी नाही, राजकन्या नाही, शेवट नाही. कालचा स्कोअर आज मोडायचा, बस्स. ही मालिका ११ वर्षं चालली आणि जगभरात ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

याच मालिकेतल्या १९८२ च्या डाँकी काँगसाठी योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं बटण बनवलं. घडी घालून ठेवायच्या मशीनवर उभी दांडी मावत नव्हती, म्हणून हा जुगाड. आपल्याकडे टीव्हीला जोडून मारिओ आणि काँट्रा खेळायचे, त्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली असायचं तेच हे बटण.

योकोईंचं म्हणणं साधं होतं. नवीन टेक्नॉलॉजी महाग असते आणि दगा देते. जुनी झालेली, सगळ्यांना कळलेली, स्वस्त टेक्नॉलॉजी घ्यावी आणि डोकं तिच्या नव्या वापरात घालावं. गेमबॉय याच हिशोबाने बनला. २१ एप्रिल १९८९ ला तो जपानमध्ये आला तेव्हा त्याला रंग नव्हते, हिरवट स्क्रीनवर फक्त ४ छटा. अंधारात तर काही दिसायचंच नाही. लोकांनी नाकं मुरडली. त्यावर योकोईंचं उत्तर असं की फळ्यावर दोन गोल काढून हा बर्फाचा माणूस आहे म्हटलं तर बघणाऱ्याला बर्फाचा पांढरा रंग आपोआप दिसतो.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. सेगाचा गेम गिअर रंगीत होता, दिसायला झकास. पण त्यात ६ सेल लागायचे आणि ते ३ ते ५ तासांत बसायचे. गेमबॉय ४ सेलवर १५ तास आरामात चालायचा. लांबच्या प्रवासात कुठला कामाचा, हे पोरांच्या आईबापांना लगेच कळलं.

अमेरिकेत गेमबॉयसोबत कुठला गेम फुकट द्यायचा, हा प्रश्न होता. सगळ्यांचं मत मारिओ. तेव्हा हेंक रॉजर्स या व्यापाऱ्याने पटवून दिलं की मारिओ दिला तर लहान मुलं घेतील, टेट्रिस दिला तर सगळेच घेतील. टेट्रिस म्हणजे मॉस्कोच्या अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये बनवलेला तोच ठोकळ्यांचा खेळ. योकोईंच्या मशीनला हवा तसा, रंग नसला तरी चालणारा आणि कधीच न संपणारा. गेमबॉयवरच्या टेट्रिसच्या साडेतीन कोटी प्रती गेल्या. १९९३ मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी तर तो थेट अंतराळात नेला.

पुढे गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले. पण या माणसाची गोष्ट तिथे गोड झाली नाही.

१९९५ मध्ये योकोईंनी व्हर्च्युअल बॉय आणला. स्टँडवर ठेवलेल्या चष्म्यात डोळे घालायचे आणि आत लाल रंगाचं थ्रीडी जग बघायचं. लाल एलईडी स्वस्त, म्हणजे हिशोब जुनाच. पण हे मशीन ना खिशात मावायचं, ना मांडीवर घेता यायचं. थोडा वेळ खेळलं की मान अवघडायची, डोकं दुखायचं. जो गेम दहा मिनिटांत बाजूला ठेवावा लागतो तो परत कोण उचलणार? ८ लाखही नग खपले नाहीत आणि वर्षभरात तो बंद झाला.

त्यानंतर गेमबॉयचा छोटा अवतार, गेमबॉय पॉकेट, पूर्ण करून योकोईंनी ऑगस्ट १९९६ मध्ये राजीनामा दिला. ३१ वर्षांची नोकरी. अपयशाची शिक्षा मिळाली असं सगळ्यांनी धरलं. बाहेर पडायचा विचार आधीपासून होता, असं त्यांनी स्वतः लिहून सांगितलं, तरी ती चर्चा काही थांबली नाही. त्यांनी क्योटोतच कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नवा हँडहेल्ड गेम बनवायला घेतला. परत एकदा ब्लॅक अँड व्हाइट.

४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागातल्या एक्स्प्रेसवेवर ते ज्या गाडीत होते ती पुढच्या गाडीवर आदळली. किती नुकसान झालंय ते बघायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

त्यांचं मशीन ४ मार्च १९९९ ला वंडरस्वान नावाने बाजारात आलं. किंमत ४,८०० येन, चालायला फक्त १ पेन्सिल सेल. सोबत एक कोड्याचा गेम होता. तिरक्या रेषांचे तुकडे खालून वर सरकत येतात, ते वरखाली करून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक रेष जोडायची, ती गायब होते आणि खालून नवे तुकडे येत राहतात. त्या गेमचं नाव गुनपे, योकोईंच्याच नावावरून ठेवलेलं.