गीत चौदाव्यात, आशा पंधराव्यात

आजचे वाचन: 1 करिंथकरांस 14:15 आणि 15:51-58



इस्टरचा आठवडा चालू आहे. रविवारी पहाटे आपण सगळ्यांनी मनसोक्त गायलं. घसा अजून बसलेला असेल! आजचं पहिलं वचन त्या गाण्याबद्दलच आहे. पौल म्हणतो की गायचं तर आत्म्याने गायचं आणि बुद्धीनेही गायचं. म्हणजे ओठांवर जे आहे ते मनाला कळलं पाहिजे. आता गंमत बघा. हे तो चौदाव्या अध्यायात सांगतो आणि लगेच पंधराव्यात पुनरुत्थानाचा विषय काढतो. आधी कसं गायचं ते, मग कशासाठी गायचं ते.

हे दोन्ही अध्याय जगलेला आपल्या भाषेतला एक माणूस आहे: रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक म्हटलं की आपल्या पिढीला एकदम लोकमान्यच आठवतात. हे दुसरे. शाळेत जखमी पक्षिणीची कविता वाचून डोळे भरून आले असतील ना, तिचे कवी. आपल्या उपासना संगीतात त्यांची दोनशेहून जास्त गीतं आहेत, म्हणजे त्यांचं नाव ठाऊक नसतानाही आपण त्यांना दर रविवारी गात असतो.

त्यांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, ब्राह्मण घरातला. आई लहानपणीच गेली. नाशकात ते संस्कृत शिकले. पुढे शिक्षक झाले, कीर्तनं केली, मासिक चालवलं, पण एका जागी पाय ठरेना. मनात सतत एकच शोध, खरा देव कोणता आणि माझ्या देशाचं भलं कशात? एकदा रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले ते कायमचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं दुरावल्या. नातलग तुटले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि 1900 साली त्यांनीही स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळक तेव्हा अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवत होते आणि 1904 मध्ये ते पाळक झाले.

आता गाण्याकडे या. त्या काळी मराठी चर्चमध्ये बरीचशी गीतं इंग्रजीतून भाषांतर केलेली असत आणि चालीही तिकडच्याच. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचं वजन असतं. परक्या चालीत ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ आखडतं आणि शब्द मधेच मोडतो. मग गाणं होतं, पण अर्थ हातातून निसटतो. शिवाय खेड्यातल्या कितीतरी विश्वासणाऱ्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तक उघडून ते काय गाणार?

टिळकांनी अभंग घेतला. मोठ्या अभंगाचे चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. टाळ वाजले की दोन आवर्तनांत पाठ! तुकोबांच्या वाटेवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. त्यांच्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं, 1616 मध्ये, फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओव्यांत रचलं होतंच. टिळकांनी तोच धागा रविवारच्या उपासनेत आणला.

आपण खान्देशातले. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच काळातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, तरी जात्यावर ओव्या रचत होत्या. ज्या मातीत दळता दळता देव गायला जातो, तिथे इस्टरची बातमी ओवी-अभंगात आली की ती थेट घरात येऊन बसते.

आणि खान्देशाशी टिळकांचं अजून एक नातं आहे, जिवाला चटका लावणारं. 1907 साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावच्या एका पोराने कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, वय जेमतेम सोळा-सतरा. अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हणून गौरवलं. टिळकांनी त्याचा हात धरला आणि त्याला नगरला आपल्या घरी राहायला नेलं. ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरातल्या मायेत त्यामुळे काही फरक पडला नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं आणि स्मृतिचित्रांत त्यांच्याबद्दल किती प्रेमाने लिहिलंय!

5 मे 1918. भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. वय 27. जळगावहून भुसावळकडे जाताना भादली लागतं. तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून कितीदा ते ओलांडलं असेल.

पुनरुत्थानाचं गीत अशा ठिकाणीच तपासलं जातं. पहाटेच्या उपासनेत, फुलांनी सजवलेल्या वेदीसमोर, मरणाचा पराजय झाला असं गाणं सोपं आहे. रुळाजवळ उभं राहून ते म्हणता येतं का? म्हणून पौलाची बुद्धीची अट मला महत्त्वाची वाटते. शब्द कळून गायलो असू, तर गरज पडेल त्या दिवशी ते हाताशी असतात. नुसत्या चालीवर डोललो असू, तर त्या दिवशी चालच आठवते.

टिळकांनी 1917 मध्येच मिशनची नोकरी सोडली होती. साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला होता. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे बसायला जागा होती. येशूच्या चरित्रावर ख्रिस्तायन हे महाकाव्यही लिहायला घेतलं होतं. ते अपुरं राहिलं. 1919 चा इस्टर 20 एप्रिलला झाला आणि 9 मे रोजी, इस्टरच्या त्याच हंगामात, टिळक मुंबईत प्रभूकडे गेले.

ख्रिस्तायनचे दहा-अकरा अध्यायच तयार होते. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने! पंधराव्या अध्यायाचं शेवटचं वचन आता परत वाचा. प्रभूमध्ये केलेले श्रम वाया जात नाहीत, हे पौल पुनरुत्थानाच्या आधारावरच सांगतो. अपुरं काम दुसरं कुणीतरी उचलतं, कारण काम प्रभूचं असतं.

आज एवढंच करा: उपासना संगीतातलं टिळकांचं एक गीत काढा. आधी न गाता, हळूहळू वाचा. अडलेला शब्द आजीला किंवा पाळकसाहेबांना विचारा. मग गा. धुळ्याचे, जळगावचे तरुण संघ, तुमच्याकडे गिटार आहे, पेटी आहे, डफही आहे. पुढच्या रविवारी एक अभंग बसवणार का?

प्रार्थना: प्रभू येशू, तू उठला आहेस. आमच्या भाषेत तुला गाणारी माणसं दिलीस, तुझे आभार. जे गातो ते आम्हाला कळू दे, आणि दुःखाच्या दिवशीही ते आमच्या ओठांवर राहू दे. आमेन.