विजेची ऊब ओळखणारे दार्सोंव्हाल

प्राण्याच्या देहातून वीज गेली तर स्नायू आखडतात, हृदय थांबते, एवढेच एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाला ठाऊक होते. तीच वीज वेगाने उलटसुलट वाहू लागली की देह तिच्याकडे जणू दुर्लक्ष करतो, हे दाखवून दिले जाक आर्सेन दार्सोंव्हाल यांनी.

फ्रान्सच्या लिमुझँ प्रांतातील ला पोर्शरी या गावी ८ जून १८५१ रोजी त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचे शिक्षण घेत असताना ते पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचे साहाय्यक झाले आणि रुग्णसेवेऐवजी प्रयोगशाळेतच रमले. १८७८ मध्ये बर्नार यांचे निधन झाले. पुढे ते ब्राउन-सेकार यांच्याबरोबर काम करू लागले व १८९४ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांच्याच जागी प्राध्यापक झाले. समुद्राच्या पाण्यातील तापमानाच्या फरकातून वीज मिळवण्याची कल्पना (१८८१) आणि देप्रे यांच्यासह बनवलेला गॅल्व्हानोमीटर (१८८२) ही त्यांची देणगी. पण त्यांचे मन जिवंत ऊतींतच गुंतले होते.

प्रवाहाची वारंवारता वाढवत नेली की स्नायूंचे आकुंचन आधी वाढते, सेकंदाला काही हजार आवर्तनांपाशी स्थिरावते आणि त्यापुढे ओसरते, असे त्यांना आढळले. मग हर्ट्झच्या पद्धतीने ठिणग्यांतून मिळवलेला, सेकंदाला लाखो आवर्तनांचा प्रवाह त्यांनी वापरला. तो माणसांच्या देहातून गेला, वाटेतला दिवा उजळला. धक्का मात्र बसला नाही. जाणवली ती ऊब. अमेरिकेत निकोला टेस्ला यांनाही त्याच सुमारास हेच दिसले होते. पुढे दार्सोंव्हाल यांनी माणूस मावेल एवढे तारेचे वेटोळे उभारले. तारेला स्पर्श न करताही आतील देहात प्रवाह निर्माण होई.

धक्का नाही म्हणजे परिणाम नाही, असे मात्र त्यांनी मानले नाही. १८९६ मध्ये बदलत्या चुंबकीय क्षेत्रात डोके ठेवल्यास डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो, याची नोंद त्यांनी केली. चयापचय वाढतो, रक्तदाब उतरतो असे दावेही झाले. त्यांच्या नावाने उपचारपद्धती रुळली. यातले बरेचसे काळाच्या कसोटीवर उतरले नाही, हे सांगायलाच हवे. उरली ती उष्णता. नागेलश्मिट यांनी तिलाच डायथर्मी हे नाव दिले. १९२६ मध्ये बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी बोव्ही यांच्या यंत्राने मेंदूची शस्त्रक्रिया केली. विजेची ती सुरी ऊती कापते, रक्तस्राव थांबवते. पण रुग्णाचे स्नायू झटके देत नाहीत. मोबाइलच्या लहरींबाबतच्या सुरक्षामर्यादाही प्रामुख्याने ऊती किती तापतात यावरच ठरवल्या जातात. ऊब जाणवण्याइतकी नसेल तेव्हा काय घडते, यावर मात्र संशोधकांत आजही वाद झडतात.

विजेच्या धक्क्याने निपचित पडलेल्यास मृत न समजता बुडालेल्या माणसाप्रमाणे कृत्रिम श्वास द्यावा, असा आग्रहही त्यांनी १८९४ मध्ये धरला होता. ३१ डिसेंबर १९४० रोजी, फ्रान्सचा मोठा भाग जर्मनांच्या ताब्यात असताना, ला पोर्शरी या जन्मगावीच त्यांचे निधन झाले.