इरावतीबाई कर्वे : दोन गुरूंची एक शिष्या

कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे एक दिवस प्रश्न येतो : प्रबंधासाठी विषय कोणता घ्यावा? बहुधा गुरूच तो सुचवतात. पण गुरूंना हवे ते उत्तर निघाले नाही, तर शिष्याने काय करावे? इरावतीबाई कर्वे यांच्या चरित्रात याचे उत्तर सापडते.

आपल्या पुष्कळांप्रमाणे इरावतीबाईंचा जन्मही समुद्रापलीकडचा. १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, त्या जन्मल्या. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीचे नाव त्यांनी मुलीला ठेवले. सातव्या वर्षी ती शिकण्यासाठी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आली. १९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन ती बी.ए. झाली.

पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये हे गुरू लाभले. त्यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. ही त्यांची स्वतःचीच जात. पहिला विषय असा घरच्या उंबरठ्यावरच मिळाला. १९२८ साली त्या एम.ए. झाल्या.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर हे त्यांचे यजमान. सुनेने जर्मनीला जावे, हे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनाही पसंत नव्हते. दिनकरराव मात्र ठाम राहिले. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते.

बर्लिनमध्ये प्रा. ऑयगेन फिशर हे मार्गदर्शक मिळाले. माणसाच्या कवटीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक गोऱ्या लोकांत अधिक असतो व त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी त्याचा संबंध आहे, अशी फिशर यांची अटकळ होती. ती तपासण्याचे काम त्यांनी या शिष्येला दिले.

इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या हातात घेऊन मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, तशा युरोपाबाहेरच्याही होत्या. आकडे मांडले, तेव्हा वंशावरून असा काही फरक दिसेना. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध लिहायचे होते. बाईंनी जे दिसले तेच लिहिले. १९३० साली डॉक्टरेट मिळाली, पण गुण अगदी कमी पडले. पुढे फिशर यांच्या वंशविचाराचा आधार नाझी राजवटीने घेतला, हे जगाला ठाऊकच आहे.

मायदेशी परतल्यावर १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. जर्मनीत शिकलेली मोजमापाची विद्या त्यांनी टाकली नाही. महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातीजमातींत फिरून त्यांनी मोजमापे घेतली. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. महाभारतावरील ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या निवर्तल्या.

विषय गुरूंकडून घेण्यात कमीपणा नाही. इरावतीबाईंनी तो घेतला आणि गुरूंची विद्याही घेतली. उत्तर मात्र त्यांनी कोणाकडून उसने घेतले नाही. आपल्या घरातल्या प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला ही गोष्ट अवश्य सांगावी.