आधी मोजणी, मग आखणी : पॅट्रिक गेडिस

शहराच्या नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी ते शहर पायी फिरून पाहावे, असा आग्रह आयुष्यभर धरणारे सर पॅट्रिक गेडिस मुळात नगररचनाकार नव्हतेच. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे जन्मलेले गेडिस हे जीवशास्त्रज्ञ आणि टी. एच. हक्सले यांचे विद्यार्थी. ऐन पंचविशीत मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम मागे पडले आणि त्यांचे लक्ष समाजाकडे वळले.

१८८१ मध्ये त्यांनी सांख्यिकीच्या वर्गीकरणावर निबंध लिहिला. समाजाचा ताळेबंद केवळ पैशांत न मांडता ऊर्जा आणि पदार्थ यांत मांडावा, किती इंधन आले, किती उपयोगी पडले आणि किती वाया गेले हे पाहावे, हे त्याचे सूत्र. हवामान बदलाची चर्चा तेव्हा नव्हती. गेडिस यांची तक्रार कोळशाच्या धुराविषयी आणि नासाडीविषयी होती. तरीही शहरांच्या कार्बन उत्सर्जनाची आज होणारी मोजदाद याच वाटेवरची आहे. एडिंबरोच्या जुन्या वस्तीत त्यांनी बिऱ्हाड केले. तेथील सुमारे ७५ रिकाम्या जागा पुढे मोजण्यात आल्या तेव्हा त्या १० एकर भरल्या, आणि त्यांतील काहींवर बागा फुलल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांच्या नगर-प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज जर्मन युद्धनौका 'एम्डेन'ने बुडविले. त्यांनी नवे प्रदर्शन उभारले. १९१७ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला, त्याच वर्षी पत्नी ॲना यांचेही निधन झाले. त्या दुःखातच होळकरांच्या इंदूरचे काम सुरू होते. शहरात प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग बदलला. जेथील रहिवासी घरे व रस्ते अधिक स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाणार असे जाहीर झाले. गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला. हुकूम काढून हे साधले असते असे वाटत नाही. १९१८ च्या त्यांच्या दोन खंडांच्या अहवालात घरे सरसकट पाडण्याऐवजी मोजकीच पाडावीत, विहिरी व तलाव राखावेत, सावली टिकवावी, हाच सूर आहे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले, गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. हैदराबादच्या निजामाने उस्मानिया विद्यापीठाच्या जागेसाठी त्यांचा सल्ला घेतला. मानवतही तेव्हा त्याच राज्यात होते. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. भारतातील त्यांचे बहुतेक अहवाल मात्र दप्तरातच राहिले.

आटोपशीर, घर व काम जवळ ठेवणाऱ्या नगररचनेमुळे शहरांचे उत्सर्जन २०५० पर्यंत, आहे तीच वाढ चालू राहण्याच्या तुलनेत, २३ ते २६ टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीने २०२२ मध्ये दिला. असा हिशेब छोट्या गावांनाही लागू पडतो. कापसाच्या बाजारपेठेचे मानवत घेतले, तर रेल्वे स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर आहे. नवी वसाहत कोणत्या बाजूला होते, यावर रोजच्या किती फेऱ्या पायी होतील आणि किती पेट्रोलवर, हे ठरते. विकास आराखड्यापूर्वी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावा, अशी तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. पाहणी आधी, हा गेडिस यांचा क्रम तेथे आला खरा. पण तो नकाशा जमिनीचा असतो, फेऱ्यांचा आणि इंधनाचा नव्हे.