मुंबईची बुडालेली गिरणी जमशेदजी टाटांनी घेतली, तिला तारलं मात्र नागपूरने

नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळ आज एम्प्रेस सिटी मॉल आहे. तिथे खरेदीला येणाऱ्या अनेकांना हे नाव कुठून आलं याची कल्पना नसते. एकेकाळी इथे एम्प्रेस मिलचा भोंगा वाजायचा आणि त्यावर अर्ध्या शहराचं घड्याळ चालायचं.

ही गिरणी जमशेदजी टाटांची. टाटा म्हटलं की पोलाद आणि ताजमहाल हॉटेल आठवतं, पण जमशेदजींनी उद्योगपती म्हणून नाव कमावलं ते कापसाच्या धंद्यात. दुसऱ्याचा बुडालेला कारखाना विकत घेतला की पुढे काय होतं आणि त्याचा स्पर्धकांवर काय परिणाम होतो, हे त्यांच्या आयुष्यात अगदी स्पष्ट दिसतं.

पहिला सौदा : तेलाची गिरणी

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीतल्या पारशी पुरोहित घराण्यातला. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करायचे. जमशेदजी १८५८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बाहेर पडले आणि वडिलांच्या धंद्यात शिरले.

तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. कित्येक व्यापारी रस्त्यावर आले. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला.

त्यातून सावरत १८६८ मध्ये जमशेदजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळीतली एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेतली, तिची सूतगिरणी केली आणि नाव ठेवलं अलेक्झांड्रा मिल. दोनच वर्षांत चांगला नफा घेऊन त्यांनी ती विकून टाकली.

सौदा फायद्याचा झाला. पण जमशेदजींना आता स्वतःची, हवी तशी गिरणी पायापासून उभारायची होती.

मुंबई सोडून नागपूर का?

त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, हे समीकरण होतं. जमशेदजींनी मात्र नागपूर निवडलं. वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात पोहोचलेली. कच्चा माल मुंबईला नेऊन त्याचं कापड पुन्हा इकडे आणण्यापेक्षा इथेच का विणू नये, हा साधा हिशोब होता.

१८७४ मध्ये कंपनीची नोंदणी झाली. जागा मिळाली जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळ. ती होती दलदलीची, त्यामुळे आधी भराव टाकावा लागला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं म्हणून एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिल्याचं सांगतात. त्याने मातीतून सोनं काढलं, हे पुढे त्याच सावकाराला कबूल करावं लागलं.

१ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते.

सुरुवात काही बरी नव्हती. यंत्रं हलक्या दर्जाची निघाली आणि शेअरचा भाव घसरला. त्यातच कामगार रोज कामावर येत नसत. रेल्वेतून आलेले व्यवस्थापक बेझनजी मेहता आणि तांत्रिक प्रमुख जेम्स ब्रुक्सबी यांना हाताशी धरून जमशेदजींनी एकेक गोष्ट सुधारली. जुनी यंत्रं काढून चांगली आणली. कामगारांसाठी बक्षिसं सुरू केली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू केला.

सगळ्यात मोठा डाव १८८३ च्या सुमाराचा. सूत कातायला तेव्हा म्यूल नावाचं यंत्र वापरलं जायचं. ते आधी धागा ओढायचं आणि मग थांबून गुंडाळायचं. रिंग पद्धतीच्या नव्या यंत्रात ही दोन्ही कामं एकाच वेळी, न थांबता व्हायची. लँकेशायरवालेही या यंत्राकडे संशयाने पाहत असताना जमशेदजींनी ते नागपुरात चालवून पाहिलं. उत्पादन वाढलं आणि बाकीच्या गिरण्यांना मागोमाग यावं लागलं.

दुसरा सौदा : स्वस्त पण महागात पडलेला

१८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल विक्रीला निघाली. मुंबईतली ही प्रचंड मोठी गिरणी डबघाईला आली होती. जमशेदजींनी ती साडेबारा लाखांना घेतली आणि तिचं नाव ठेवलं स्वदेशी मिल. स्वदेशीची चळवळ सुरू व्हायला अजून १९ वर्षं होती.

इथे या धंद्याचं गणित समजून घ्यायला हवं. गिरणी बुडते म्हणजे तिचा मालक बुडतो. माग आणि चात्या जागेवरच राहतात. नव्या मालकाला त्या कमी किमतीत मिळतात, त्यामुळे त्याच्या डोक्यावर व्याजाचा बोजा कमी असतो. शेजारच्या गिरणीमालकाने मात्र पूर्ण किंमत मोजलेली असते. एक स्पर्धक गेला म्हणून तो खूश होतो आणि थोड्याच दिवसांत तीच गिरणी कमी खर्चात माल काढायला लागते.

पण ही झाली कागदावरची बाजू. प्रत्यक्षात धरमसी मिलची यंत्रं झिजलेली होती. दुरुस्तीवर पैसा ओतला तरी पुरेना. कामगार मिळेनात. दोन वर्षांत शेअर आपटला, बँकेने हात आखडता घेतला आणि टाटांचं नाव पणाला लागलं. स्वदेशी बुडाली असती तर एम्प्रेसवरचा विश्वासही उडाला असता.

जमशेदजींनी कुटुंबासाठी बाजूला ठेवलेला पैसा मोकळा केला आणि एम्प्रेसचे काही शेअर विकून रक्कम उभी केली. नागपुरात तयार झालेली अनुभवी माणसं कुर्ल्याला आणली. हळूहळू गिरणी रुळावर आली आणि तिचं सूत चीनच्या बाजारात नाव कमावू लागलं.

स्पर्धकांवरचा खरा परिणाम आता सुरू झाला. गिरणी नुसती स्वस्तात विकली गेली तेव्हा त्यांचं काही बिघडलं नव्हतं. तिला चांगली यंत्रं आणि नागपूरची माणसं मिळाल्यावर त्यांना तिची दखल घ्यावी लागली. विदर्भातही पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा इथे गिरण्या उभ्या राहिल्या. नागपूरने दाखवलेला रस्ता खरा होता, हे त्यातून सिद्ध झालं.

आणि मग एम्प्रेसची पाळी

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेदजींचं निधन झालं. पोलादाचा कारखाना त्यांना पाहता आला नाही. त्या स्वप्नामागे कापसातून मिळालेला पैसा आणि अनुभव होता.

एम्प्रेस पुढे अनेक दशकं चालली. पण यंत्रं जुनी होत गेली, तोटा वाढला आणि १९८६ मध्ये ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. नागपूरचीच मॉडेल मिल त्याआधी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली होती. म्हणजे एकेकाळी एकाच शहरात स्पर्धा करणाऱ्या दोन्ही गिरण्यांचे मालक बदलले, आणि दोन्ही वेळा नवा मालक सरकार होतं.

कुर्ल्यात मालक बदलला तेव्हा पाठोपाठ यंत्रं, माणसं आणि मालकाचा स्वतःचा पैसाही आला. एम्प्रेसमध्ये मालक बदलूनही गिरणी सावरली नाही. २००२ मध्ये भोंगा कायमचा बंद झाला आणि पिढ्यानपिढ्या तिथे काम केलेल्या घरांना दुसरी वाट शोधावी लागली.

गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे. सावकाराला ज्या मातीत सोनं पुरलं जातंय असं वाटलं होतं, तीच ही माती.